चालतंय ते चालू दे

कलकत्ता,
५ नोव्हेंबर १९७९

चि. श्याम यास,

वहिनीचे अनेक आशीर्वाद. आशालाही सांग. आम्ही दोघं इथे ठीक आहोत. तुम्ही दोघंही ठीक असाल असं मी धरून चालते, कारण तुझ्या एवढ्या मोठ्या पत्रात तुमच्या प्रकृतीची एक ओळ शोधून सापडली नाही. सगळं पत्र यंत्राचं!

पार्सल पोचलं. तुझ्या ऑफिसातल्या त्या जयप्रकाशने मुंबईला उतरल्याबरोबर रजिस्टर पोस्टाने धाडलं होतं. आत पातळ पाकिटात काळी चकती, आणि फोमच्या तुकड्यात रोवलेली ती चिप. मी शाळेत असते तेव्हा दादांजवळ बसायला आता शंकरी नावाची बाई ठेवली आहे. तिने चिप पाहिली आणि "ओ मा, पोका!" म्हणून मागेच सरली. दिसते खरी तशी, दोन्ही बाजूंना पाय फुटलेला काळा किडा. मी ती देव्हाऱ्यात ठेवली आहे. घरात त्याहून सुरक्षित जागा मला सुचली नाही.

आता तुझ्या मुद्द्यावर येते. मला जेवढं समजलं तेवढं सांगते, चुकलं तर शिकव. दादा ज्यातून बोलतात तो तू लिहिलेला प्रोग्रॅम वेगळा, आणि त्याच्या खाली सगळं यंत्र चालवणारी ऑपरेटिंग सिस्टीम वेगळी. ती खालची सिस्टीम जुनी झाली, तिच्यात खोट आहे, म्हणून यंत्र मधूनच गोठतं. नवी सिस्टीम या चकतीवर आहे, पण तिला जागं करणारी चिपही नवीच लागते. म्हणजे यंत्राचं झाकण उघडायचं, जुनी चिप उपटायची, नवी बसवायची, आणि दादांचे साठवलेले शब्द नव्या चकतीवर न्यायचे. घर उभं ठेवून खालचं जोतं बदलायचं, असंच ना?

करावं की करू नये, मला ठरवता येत नाही. तू लिहितोस, "वहिनी, अर्ध्या तासाचं काम आहे." तुझ्यासाठी असेल. त्या अर्ध्या तासात माझ्या हातून एखादा पाय मोडला तर काय, ते तू लिहिलेलं नाहीस.

तू इथे महिनाभर होतास. त्याआधीचे दिवस तू पाहिले नाहीस आणि मीही कधी नीट कळवले नाहीत. आज लिहिते, म्हणजे मी एवढी का घाबरते ते कळेल.

दादांना पक्षाघाताचा झटका आला तेव्हा डॉक्टर म्हणाले, डोकं शाबूत आहे, ऐकू येतंय, सगळं कळतंय, पण हातपाय आणि जीभ हुकमात राहिलेली नाही. डावा अंगठा आणि तोंडाची एक कड तेवढी हलायची. खिदिरपूरच्या गोदीत ज्यांच्या आवाजावर जहाजं आत यायची, लॉकगेटच्या या काठावरून हाक मारली तर पलीकडचा खलाशी दचकायचा, ते तुझे दादा माझ्याकडे नुसते बघत राहायचे. मी विचारायची, पाणी? उजेड कमी करू? कूस बदलू? पापणी मिटली तर हो. श्याम, माणसाला काय हवंय ते विचारून विचारून सापडत नाही रे. एकदा संध्याकाळभर मी विचारत होते आणि ते डोळे उघडे ठेवून नाही, नाही, नाही म्हणत होते. शेवटी दोघंही दमलो. त्यांना काय हवं होतं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

आणि मग तू आलास. मधली सगळी वर्षं तुम्हा भावांत पत्र नाही की निरोप नाही. तू अमेरिकेला निघालास तेव्हा दादांनी तुला जे ऐकवलं ते मी दाराआडून ऐकलं होतं. सासूबाई गेल्या तेव्हा त्यांनी तुला "आता येऊ नये" अशी तार केली, तीही मला माहीत होती. तरी तू आलास, आणि हात हलवत आला नाहीस. बोटीने ते धूड मागवलंस. ते टेलिव्हिजन की टाइपरायटर, यावर कस्टमच्या शेडमध्ये वाद चालला होता आणि तू म्हणालास, "साहेब, औषध आहे असं समजा." मग दादांचे गोदीतले जुने सोबती मध्ये पडले म्हणून सुटलं. चांदनीच्या बाजारातून तू दारावरच्या घंटीचं बटण आणलंस आणि ते त्यांच्या अंगठ्याखाली बांधलंस.

हिरव्या अक्षरांच्या ओळी, त्यांवरून सरकणारी उजेडाची पट्टी. हव्या ओळीवर आली की अंगठा, हव्या अक्षरावर आली की पुन्हा अंगठा. इंग्रजी अक्षरांतून मराठी. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा काय लिहिलं ते तू विसरला नसशील. "चहा फिका."

तुझा चेहरा पडला होता. एवढी यातायात करून आलेल्या भावाला एक शब्द नाही, आणि माझ्या चहाला नाव ठेवलं! मी मात्र आत जाऊन पदर तोंडात धरून रडले. अरे, लग्न झाल्यापासून रोज सकाळी ऐकत आलेलं वाक्य होतं ते. माझं माणूस मला परत मिळालं होतं. त्या दिवशी तुला हे सांगायचं राहिलं. आज सांगते. तू माझं घर परत बोलतं केलंस. आम्हाला मूलबाळ नाही, आणि मी या घरात आले तेव्हा तू माझ्या कमरेएवढा होतास, म्हणून तुझे आभार मानताना मला अवघडल्यासारखं होतं. पण मानते.

वर्षभर घरात गंमतसुद्धा चालली आहे. मध्ये एकदा त्यांनी लिहिलं, टी, ए, के. मी धावत जाऊन ताक घुसळून आणलं, जिरं लावलं. चमचा ओठाशी नेला तर डोळे वटारले. मग लक्षात आलं, "टाक" म्हणत होते! अंगावर पांघरूण टाक. गणपतीत महाराष्ट्र निवासातली मंडळी भेटायला आली, तेव्हा त्यांनी हा किस्सा स्वतःच यंत्रावर लिहून दाखवला. लिहायला एवढा वेळ लागला, पण एकही माणूस उठला नाही.

हे सगळं आहे म्हणून भीती. आज जसं आहे तसं तरी चालतंय.

पण गोठतं, हेही खरं. मागच्या आठवड्यातलंच सांगते. त्यांनी लिहायला घेतलं, डी, यू, के, एच, आणि पट्टी थांबली. पडदा तसाच. मला वाटलं, दुःख. मी जवळ बसले, केसांवरून हात फिरवला, म्हटलं, असं मन खट्टू करू नये, आपल्याला पुष्कळ मिळालंय. ते डोळे फिरवतायत आणि मी समजूत काढते आहे. शंकरी आली आणि ओरडली. त्यांचा पाय पलंगाच्या दांडीत अडकून निळा पडला होता. "दुखतंय" लिहीत होते रे ते. यंत्र आणखी दोन अक्षरं चाललं असतं तर!

म्हणून मी त्यांनाच विचारलं. "अहो, श्यामने नवी सिस्टीम पाठवली आहे. बसवायची का?"

उत्तर आलं, "चालतंय ते चालू दे."

"पण गोठतं ना मधेच?"

"धक्क्याला जहाज असताना दोर बदलू नये."

एवढं लांब वाक्य त्यांनी कितीतरी दिवसांत लिहिलं नव्हतं. लिहून दमले. मग मी वाद घातला नाही. हल्ली बोलणं थोडं कमीच झालंय. थंडी पडू लागली आहे, म्हणून असेल. बटणही कधी कधी दोनदा दाबावं लागतं. तेही सिस्टीमच्या खोटीमुळेच होतं का, हे लिही.

तू सांगशील तसं करू. पण सांगताना हे लक्षात ठेव, की तिकडे बसून तू जे यंत्र म्हणतोस, ते इथे दादांचं तोंड आहे.

तुझी,
कालिंदीवहिनी


कलकत्ता,
१७ डिसेंबर १९७९

चि. श्याम यास,

अनेक आशीर्वाद. तुझं उत्तर या महिन्याच्या सुरुवातीला आलं. या वेळी तुमच्या प्रकृतीच्या दोन ओळी आहेत, त्या वाचून बरं वाटलं. आशाचा खोकला थांबला का? ज्येष्ठमध मिळतो का तिकडे?

तू विचारलंस, "वहिनी, बटण दोनदा दाबावं लागणं हे सिस्टीमचं काम नव्हे. बटण गेलंय की दादाचा अंगठा?"

पत्र घडी करून पिशवीत टाकलं आणि शाळेत गेले. सातवीला गंगेचा त्रिभुज प्रदेश शिकवायचा होता, तो शिकवला. दिवसभर तुझी ती ओळ डोक्यात होती. घरी आल्यावर बटण स्वतः दाबून पाहिलं. बटण ठणठणीत आहे.

अंगठाच आहे, श्याम. दुर्गापूजेच्या दिवसांपासून. आधी सकाळी चांगला चालायचा आणि दुपारनंतर थकायचा, मग सकाळीही थकलेलाच. डॉक्टर येऊन गेले. ते म्हणाले, ताकद उतरत जाईल, अंगठ्याचीच नाही, सगळीच. पुढचं मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. तुला कळवू नये, असं दादांनी मला बजावलं होतं. मी ऐकलं, कारण मलाही ते कागदावर लिहायचं नव्हतं. थंडी म्हटलं की थंडीवर भागतं.

म्हणून ठरवायचं होतं ते एका अर्थी ठरूनच गेलं. पार्सलमधल्या तुझ्याच सूचनांत होतं की नव्या सिस्टीमवर पट्टीचा वेग हवा तेवढा कमी करता येतो, जुनीवर येत नाही. अंगठा गेला तर गालाने दाबायचं, आणि गालाला पट्टी सावकाशच हवी. जुनं चालतंय ते चालू द्यावं, तर थोड्या दिवसांनी चालवायला अंगठाच उरणार नाही.

तुला लीना आठवते का? दिगंबरकाकांची मुलगी, दोन वेण्या घालून महाराष्ट्र निवासात नाटकात काम करायची. ती आता एका संस्थेत मोठ्या कॉम्प्युटरवर काम करते. खोलीभर यंत्र आहे म्हणे. मी तिला बोलावलं. इथेच जन्मली, इथेच वाढली, त्यामुळे तिचं मराठी तुला ठाऊकच आहे. तुझ्या सूचना तिने दोनदा वाचल्या, यंत्राभोवती फिरली आणि म्हणाली, "काकू, श्यामदाने फार सुंदर लिहिला आहे. पण माझा मशीन मोठा असतो, त्याचा पोटात मी हात घालत नाही. त्याच्यासाठी इंजिनियर येतो."

"मग इथे?"

"इथे मीच घालणार," ती म्हणाली. "पण माझा भीती वाटतो, हे आधी सांगून ठेवते."

मला ती त्या क्षणी फार आवडली.

दादांपुढे आम्ही दोघी बसलो. लीनाने त्यांना सगळं समजावलं. खोटी आशा दाखवली नाही. चिपचा पाय वाकला तर सरळ करता येतो, तुटला तर यंत्र बंद, असं स्पष्ट सांगितलं. नव्याचे फायदेही सांगितले. दादांनी लिहिलं, "श्याम बसवेल."

मी म्हटलं, "अहो, श्याम तिकडे, यंत्र इकडे. त्याने पोस्टाने हात पाठवायचे का?"

पुन्हा तेच. "श्याम बसवेल."

मला वाटलं, टाळाटाळ चालली आहे. मी जरा चिडलेसुद्धा. म्हटलं, "अंगठा थांबला तर तुम्ही मला कसं सांगणार? पुन्हा मी विचारत बसू, पाणी की उजेड? मला ते पुन्हा जमणार नाही हो."

माझ्या तोंडून असं गेलं आणि मी उठून खिडकीशी जाऊन उभी राहिले. मागे बटणाचा टक टक आवाज येत होता. लीना हळूच म्हणाली, "काकू, वाचा."

पडद्यावर होतं, "दोर झिजला तर बदलतात."

काल रविवारी केलं. सकाळचं लोडशेडिंग संपून दिवे आले की लगेच सुरू करायचं, असं लीनाने ठरवलं होतं. एकदा आले की निदान थोडे तास टिकतात. आल्या आल्या तिने मला अंगावरची लोकरीची शाल काढायला लावली. लोकरीत वीज साठते, चिपला चालत नाही, म्हणाली. शंकरीला दाराबाहेर बसवलं, कोणालाही आत सोडू नकोस म्हणून. सगळ्यात आधी दादांचा पाय दांडीपासून दूर आहे ना ते मी दोनदा पाहिलं. अंगावर पांघरूण नीट घातलं, पाणी पाजलं. कारण यंत्र बंद झालं की त्यांना काही सांगता येणार नव्हतं.

"अजून काही हवंय?" मी विचारलं. डोळे उघडेच. नाही. यंत्र बंद केलं.

झाकण निघालं, जुनी चिप निघाली. लीनाने एका बारीक पेचकसाने ती एकदा या टोकाने, एकदा त्या टोकाने उचलत उचलत काढली. नवी बसवली, अंगठ्याने दाबली. यंत्र लावलं. पंखा घरघरला, चकती फिरली, आणि पडदा काळा. एक अक्षर नाही.

लीनाने बंद करून पुन्हा लावलं. काळाच. मी दादांकडे बघू शकत नव्हते. बघितलं तेव्हा ते माझ्याकडे बघत नव्हतेच, दाराकडे बघत होते. शंकरी आत आली की काय म्हणून मी वळले. दारात कोणी नव्हतं.

लीना म्हणाली, "काकू, टॉर्च धरा." मी टॉर्च धरला. उजेड हलू नये म्हणून दुसऱ्या हाताने मनगट धरून ठेवलं. एक पाय खाचेत न जाता चिपच्या पोटाखाली दुमडला होता. तिने चिप पुन्हा काढली. माझ्याकडे भुवयांचा चिमटा होता, त्याने तिने तो पाय केसासारखा हलकेच सरळ केला. "तुटला तर शिव्या द्या, पण आत्ता बोलू नका," असं पुटपुटत होती, आणि तेही बंगालीत. चिप बसली. या वेळी तिने बोटाने सगळे पाय मोजल्यासारखं केलं आणि मगच यंत्र लावलं.

हिरवी अक्षरं आली, श्याम! लीनाने माझ्या गळ्यात हातच टाकले. पण शब्द न्यायचे राहिले होते, म्हणून तिने मला लगेच दूर केलं. शब्द एका चकतीवरून दुसरीवर जात असताना मध्येच बल्ब तांबूस झाला. दिवे जायच्या आधी होतो ना, तसा. आम्ही दोघी त्या बल्बकडे बघत उभ्या. जाऊ नकोस, एवढंच मी मनात म्हणत होते. बल्ब मंद होता होता सावरला. काम झालं. आणि मग, तुला हसू येईल, दिवे गेलेच. पण तोवर सगळं नव्या चकतीवर होतं.

दुपारी दिवे आल्यावर पुन्हा लावलं. लीनाने चांदनीतून एक अगदी हलकं बटण आणलं होतं. ते तिने बांबूच्या कामटीला बांधून दादांच्या गालाशी बसवलं. पट्टीचा वेग कमी केला. आता ती इतकी सावकाश सरकते की आपल्यालाच जांभई यावी. दादांनी गाल हलवला. टक. अक्षर उमटलं.

लीनाला चहा आणि नोलेन गुळाची सोन्देश मिठाई देऊन मी निरोप दिला. निघताना तिने वाकून दादांच्या पायांना हात लावला आणि म्हणाली, "श्यामदाला लिहा, त्याचा काम एकदम फर्स्ट क्लास."

मग आम्ही दोघंच. मी खुर्ची ओढून बसले. म्हटलं, "बोला आता. सावकाश बोला. मला काही घाई नाही."

त्यांनी लिहिलं, "श्याम."

"हो, त्याला उद्याच कळवते. उत्तम चालतंय म्हणून."

"नको."

"का बरं?"

पट्टी सावकाश खाली उतरत होती. एक एक अक्षर यायला इतका वेळ की मी आधीच अंदाज बांधायला लागले, आणि सगळे चुकले.

"मग येणार नाही."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दोर आणि जहाज, श्याम बसवेल, यंत्र काळं पडल्यावर दाराकडे बघणं. त्यांना भीती वाटत होती ती नव्या सिस्टीमची नव्हती. यंत्र बिघडलेलं राहिलं तर तुला कधी ना कधी ते दुरुस्त करायला यावं लागेल, एवढीच त्यांची आशा होती. टपालाने दुरुस्त झालं, तर तुला यायला काही कारण उरत नाही. पाय निळा पडला तरी त्यांना ते चाललं असतं. आणि मी इकडे त्यांना सिस्टीमचे गुणदोष सांगत बसले होते!

मी म्हटलं, "अहो, मग ये म्हणा ना त्याला. बोलायची सोय त्यानेच तर करून दिली आहे."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपले. मग गाल हलला.

"तार मी केली होती."

"त्याला काळ लोटला."

"कोणत्या तोंडाने बोलावू."

लिहून झालं आणि त्यांचं त्यांनाच ते वाचून हसू आलं. तोंडाची एक कड हलते ना अजून, ती हलली, डोळ्यांत पाणी आलं, आणि मग मीही हसले आणि रडले. कोणत्या तोंडाने! बऱ्याच महिन्यांत आम्ही असे दोघं मिळून हसलो नव्हतो.

मी त्यांना सांगितलं, की तू परत निघालास त्या दिवशी दमदम विमानतळावर माझ्या पाया पडताना म्हणाला होतास, "वहिनी, दादा माझ्याशी बोलला नाही, पण बोलायला लागला, मला तेवढं पुरे." हे मी त्यांना आजवर सांगितलं नव्हतं. त्यांना लागेल असं वाटलं होतं. त्यांनी ऐकलं आणि लिहिलं, "मला पुरे नाही."

तर श्याम, सिस्टीमची हकिगत अशी. आता ती गोठत नाही. कालपासून एकदाही गोठली नाही. तुझ्या कामात काही खोट नाही. तुझा भाऊ आज सकाळी मला पुष्कळ बोलला. चहाबद्दल बोलला, दाढी नीट केली नाही म्हणून बोलला, शंकरीच्या पोरीला शाळेत घाल म्हणून सांगितलं. हे सगळं तुझ्यामुळे मी ऐकलं. परमेश्वराने मला पुष्कळ दिलं, त्यात तू दिलेलं हे मी वेगळं काढून ठेवते.

तुला सुट्टी मिळते की नाही, तिकिटाचं काय, आशाला एकटं सोडता येईल का, यातलं मला काही कळत नाही आणि मी विचारणारही नाही. डॉक्टर काय म्हणाले ते वर लिहिलं आहे. तू शहाणा आहेस.

खालचं दादांचं आहे. सकाळी लिहायला घेतलं ते दुपारी पुरं झालं. मध्ये दिवे गेले होते तेव्हा डोळे मिटून वाट बघत राहिले, आणि आल्यावर पुढचं अक्षर घेतलं. मी फक्त आपल्या लिपीत उतरवलं आहे. आणि हो, त्यांनी मला हे पाकिटात घालायला सांगितलं, म्हणजे तुला कळवायला परवानगी आहे.

आशाला आशीर्वाद. तुला अनंत आशीर्वाद.

तुझी,
कालिंदीवहिनी

श्याम,
यंत्र उत्तम चालतं. काही दुरुस्त करायला येऊ नकोस.
नुसता ये.
दादा